गोल शिक्क्याचे दिवस

ऐंशीच्या दशकात नांदेडच्या वजिराबाद भागात सकाळ उजाडायची ती टाइपरायटरांच्या आवाजाने. माडीवरच्या लांबट खोलीत रेमिंग्टन आणि गोदरेजची यंत्रं ओळीने मांडलेली, प्रत्येकासमोर एक मुलगा किंवा मुलगी, आणि भिंतीवर कळफलकाचा मोठा तक्ता. मराठी तीस, इंग्रजी तीस, मग इंग्रजी चाळीस अशा परीक्षा एकेक करून द्यायच्या. कारकुनाच्या जाहिरातीत हे आकडे मागितलेले असत, म्हणून बेताच्या परिस्थितीतले आईबापही या फीला नाही म्हणत नसत. संध्याकाळची बॅच सुटली की याच खोल्यांमध्ये आमच्या पिढीचे नोकरीचे अर्ज आणि बायोडाटा टाइप होत.

त्या कागदाचं रूप ठरलेलं होतं. फुलस्केप लेजर पेपर, डावीकडे रुंद समास. वर नाव, आडनावापासून सुरू होणारं. खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि कायमचा पत्ता: मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. मग परीक्षांचा तक्ता: परीक्षा, बोर्ड किंवा विद्यापीठ, वर्ष, टक्के, श्रेणी. त्याखाली येणाऱ्या भाषा. आमच्याकडच्या मुलांचा हा रकाना भरगच्च असायचा. मराठी, हिंदी, इंग्रजी तर असायच्याच. घरात निजामकाळातली मोठी माणसं असली तर उर्दू, देगलूर-बिलोलीकडचा असेल तर तेलुगू, उदगीर-निलंग्याकडचा असेल तर कन्नड. शेवटी छंद म्हणून वाचन आणि क्रिकेट, आणि ‘वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ या ओळीखाली सही.

खरी धावपळ मात्र पुढे होती, जोडायच्या कागदांची. झेरॉक्स यंत्रं तालुक्यापर्यंत पोचण्याआधी गुणपत्रिकेची नक्कलसुद्धा टाइप करून घ्यावी लागे. वर ‘ट्रू कॉपी’ असं लिहायचं, विषयवार गुण जसेच्या तसे उतरवायचे, आणि मग राजपत्रित अधिकाऱ्याने मूळ कागदाशी ताडून सही करायची, गोल शिक्का मारायचा. पुढे झेरॉक्स आली तरी शिक्का सुटला नाही. तहसीलदार, सरकारी दवाखान्यातले वैद्यकीय अधिकारी, सरकारी कॉलेजातले प्राध्यापक यांच्याकडे हेलपाटे घालायचे. गल्लीत एखादे विशेष कार्यकारी दंडाधिकारी राहत असतील तर ती गल्ली भाग्यवान. लातूरला गंजगोलाईच्या आसपासच्या गल्ल्यांत अशा घरांच्या ओट्यावर रविवारी सकाळी पोरं कागदांची पिशवी घेऊन बसलेली दिसायची. आतून चहा यायचा. सही करता करता वडीलधारं माणूस विचारायचं, “कोणाचा तू? कुठं अर्ज टाकायलास? गणितात एवढे मार्क आहेत, मग बँकेची परीक्षा का देत नाहीस?” सही घ्यायला गेलेला मुलगा चार गोष्टी शिकून परत यायचा.

चारित्र्याचा दाखला ही आणखी एक पायरी. ‘मी यांना व्यक्तिशः ओळखतो, त्यांची वर्तणूक चांगली आहे’ असं दोन प्रतिष्ठित माणसांनी लिहून द्यायचं. मग पोस्टाची रांग. फीसाठी रेखांकित पोस्टल ऑर्डर, स्वतःचा पत्ता लिहिलेला तिकीट लावलेला लिफाफा, आणि अर्ज रजिस्टर एडीने. तेवढा खर्च झेपत नसेल तर साध्या टपालात टाकून पोस्टाचा शिक्का असलेलं यूपीसीचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं. मुलाखतीचं बोलावणं कधी तारेनेही यायचं आणि तार आली म्हणून आधी घरात काळजाचा ठोका चुकायचा. यूपीसी २०११ साली बंद झालं, तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आमच्या अर्जांनी केलेला सगळा प्रवास आता इतिहासजमा आहे.

दर आठवड्याला रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर ‘रोजगार समाचार’ यायचा. १९७६ पासून निघणारं हे साप्ताहिक चार-पाच मित्र मिळून घेत. कोणी बँकांच्या जाहिराती वहीत उतरवून घ्यायचा, कोणी रेल्वेच्या. शिवाय प्रत्येकाकडे सेवायोजन कार्यालयाचं कार्ड होतंच. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिक्त जागा या कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं. नोंदणीच्या ज्येष्ठतेप्रमाणे ‘कॉल’ निघायचा. कार्डाचं नूतनीकरण चुकलं की ज्येष्ठता गेली, म्हणून घरातली आजीसुद्धा ती तारीख लक्षात ठेवायची. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. अहमदपूर-उदगीरच्या पोरांना जिल्ह्याच्या ठिकाणचं कोणतंही काम म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादची, आजच्या धाराशिवची, एसटी धरणं. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फक्त सेवायोजन कार्यालयातून नावं मागवणं पुरेसं नाही, जाहिरातही दिली पाहिजे, असं सांगितलं आणि कार्डाचा दबदबा ओसरू लागला.

एका नोकरीसाठी एवढी यातायात का, हे कळायला मराठवाड्याचं तेव्हाचं जगणं आठवावं लागतं. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झालं, तोवर इथला सरकारी कारभार उर्दूत चालायचा. कॉलेजं त्यानंतर आली: नांदेडला १९५० मध्ये पीपल्स, १९६३ मध्ये यशवंत, लातूरला १९६१ मध्ये दयानंद, १९७० मध्ये राजर्षी शाहू. या कॉलेजांतून घरातले पहिले पदवीधर बाहेर पडले तेव्हा त्यांना सामावून घेणारे उद्योग इथे मोजकेच होते. नांदेडला उस्मानशाही मिल, लातूरला आडत बाजार, डाळ मिल, तेल गिरण्या. बाकी सगळी आशा शाळा, जिल्हा परिषद, एसटी, वीज मंडळ आणि बँक यांच्यावर. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत नोकऱ्या होत्या आणि रुंद मापाची रेल्वेही होती. एक अर्ज म्हणजे अख्ख्या घराचं पुढचं आयुष्य, ही भावना त्यातूनच आली.

त्या काळाची मला मनापासून आठवण येते ती यातायातीसाठी नाही. अर्ज एकट्याचा नसायचा, ही त्यातली खरी श्रीमंती होती. इंग्रजीचे सर मजकूर तपासून द्यायचे. आमच्या एका सरांचा नियम होता: आधी जाहिरात मोठ्याने वाचायची. मग ते विचारत, “यात काय मागितलंय? त्यातलं तुझ्याकडं काय आहे? तेवढंच आधी लिही.” टाइप करणारे मास्तर स्पेलिंग सुधारून द्यायचे. पाठवण्याआधी तो कागद चार जणांच्या नजरेखालून गेलेला असायचा. मला आज वाटतं, बायोडाटा लिहिण्याचं जे काही शास्त्र आहे, त्याचा निम्मा भाग सरांच्या त्या दोन प्रश्नांत आला.

पण दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. तो सगळा कागद दुसऱ्यांच्या साक्षीवर उभा होता. बोर्डाने दिलेले टक्के, अधिकाऱ्याने मारलेला शिक्का, प्रतिष्ठिताने दिलेला दाखला. उमेदवाराने स्वतः काय केलं, त्याला काय जमतं, हे सांगायला त्यात एकही रकाना नव्हता. ज्याच्या गल्लीत अधिकारी नव्हता, त्या किनवटच्या किंवा मुखेडच्या पोराला एका सहीसाठी दिवस दिवस ताटकळावं लागे. मुलींच्या बायोडाट्यावर लग्नाचा रकाना आधी वाचला जायचा. आणि जात? ती सरकारी राखीव जागेसाठी लिहायची होती, पण खाजगी ठिकाणीही तोच कागद जायचा. हा केवळ संशय नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाची त्याहूनही कितीतरी कमी. जुन्या दिवसांवर प्रेम करताना हे नजरेआड करता येत नाही.

बदल नव्वदच्या दशकात वेगाने आले. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात घरांबरोबर कागदही गाडले गेले, आणि सनदेची एक प्रत हातातून गेली तर माणूस किती उघडा पडतो हे आम्ही पाहिलं. पुढच्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि पदवीच्या कागदासाठी औरंगाबाद गाठायची गरज संपली. २००१ मध्ये एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आली आणि टायपिंगच्या खोल्यांमध्ये एकेक करून संगणक बसले. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं. २०१५ साली राज्य शासनाने साक्षांकनाची सक्ती काढून उमेदवाराची स्वतःची सही पुरेशी मानली, आणि त्याच वर्षी डिजिलॉकर आलं. आज गुणपत्रिका फोनमध्ये आहे. शासनाने नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. किनवटच्या पोराचं ताटकळणं एका निर्णयाने संपलं.

मात्र स्वतःबद्दल स्वतः सांगण्याची सवय एका निर्णयाने येत नाही. मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांचे सीव्ही वाचतो आहे. पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसण्याआधी नांदेड-लातूरची लेकरं मला फाइल पाठवतात. पहिली ओळ बहुतेकांची सारखीच: नामांकित संस्थेत आव्हानात्मक संधी मिळवून कौशल्यांचा विकास करणे. खाली दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, पदवीचे टक्के. परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’ने या भागाला खूप काही दिलं. खेड्यातली मुलं डॉक्टर, इंजिनिअर झाली, मराठवाड्याचं नाव राज्यात झालं. पण त्याच वातावरणात एक समजूतही मुलांच्या मनात घट्ट बसली, की आपली ओळख म्हणजे आपले टक्के. टक्के लिहून झाले की त्यांचं सांगणं संपतं.

मग मी विचारतो आणि हळूहळू गोष्टी बाहेर येतात. चाकूर तालुक्यातल्या एका मुलीने ‘छंद: वाचन, गायन’ एवढंच लिहिलं होतं. बोलता बोलता कळलं, गावातल्या महिला बचत गटाचे हिशेब बारावीपासून तीच ठेवते. बँकेचं कर्ज, हप्ते, व्याज, बैठकीचं इतिवृत्त सगळं तिच्या हातचं, आणि गटाचा एकही हप्ता थकलेला नाही. ती अर्ज करत होती पतसंस्थेतल्या लेखनिकाच्या जागेसाठी! औशाकडच्या एका मुलाने ‘अनुभव: नाही’ असं लिहिलं होतं. हंगामात तो मामाच्या आडतीवर सोयाबीनची आवक लिहून घ्यायचा, मापाड्याशी वजन जुळवायचा, शेतकऱ्यांच्या पट्ट्या बनवायचा. अर्ज गोदाम व्यवस्थापनाच्या नोकरीचा होता. विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या एकाने स्नेहसंमेलनाचा सगळा खर्च सांभाळला होता आणि ठरलेल्या रकमेत बसवून दाखवला होता. या तिघांनाही वाटत होतं, हे काय लिहायचं? हे तर घरचं काम.

मी त्यांना कळकळीने सांगतो, हेच लिहायचं. वाचणाऱ्याला हवं असतं ते हेच: तुम्ही काय केलं, किती केलं, त्यातून काय झालं. ‘मेहनती व प्रामाणिक’ हे शब्द कोणीही लिहू शकतो. ‘बचत गटाचे हिशेब चार वर्षं सांभाळले, एकही हप्ता थकला नाही’ हे फक्त तीच मुलगी लिहू शकते. आकडा असेल तर आकडा द्यावा, पण खराच द्यावा. कंपन्या आता माहिती पडताळून पाहतात आणि मुलाखतीतले प्रश्नही त्याच पानातून निघतात. न केलेलं काम लिहिलं तर दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. केलेल्या कामाबद्दल मात्र आमची लेकरं अर्धा अर्धा तास बोलू शकतात, हे मी पाहिलं आहे.

बाकीच्या गोष्टी समजल्या की सोप्या आहेत. नुकतीच पदवी घेतलेल्याला एक पान पुरतं, अनुभवी माणसाला दोन. ताजं काम आधी, जुनं नंतर. मोठ्या कंपन्यांत आलेला अर्ज पुष्कळदा आधी संगणकाची प्रणाली चाळते, ती जाहिरातीतले शब्द शोधते. जाहिरातीत ‘टॅली’ मागितलं असेल आणि तुम्हाला ते येत असेल, तर ‘संगणकाचं ज्ञान’ असं मोघम न लिहिता टॅलीच लिहावं. रंगीत चौकटी, नक्षी आणि गुंतागुंतीचे तक्ते त्या प्रणालीला नीट वाचता येत नाहीत, म्हणून मांडणी साधी असावी. फाइल पीडीएफ करून पाठवावी. जुन्या मराठी फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांत उघडतो, म्हणून मराठी लिहायचं ते युनिकोडमध्येच. फाइलला स्वतःचं नाव द्यावं. ईमेलचा पत्ता साधा, नावाचाच असावा. धर्म, जात, लग्न, वडिलांचा व्यवसाय हे खाजगी नोकरीच्या सीव्हीत लिहू नये. सरकारी अर्जात जे मागितलं असेल ते तिथे भरावंच. थोरात यांचा अभ्यास सांगतो की आडनावही पुरेसं बोलतं, तेव्हा निदान बाकीच्या रकान्यांनी त्यात भर घालू नये. जे लोक अर्ज वाचतात त्यांच्यावर तर याहून मोठी जबाबदारी आहे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून आमच्या भागातली कितीतरी मुलं सरकारी कार्यालयांत आणि कंपन्यांत काम करून आली. बारावी झालेल्यांना महिना सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकांना आठ आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरलं होतं. त्यांच्या सीव्हीत ते सगळे महिने ‘प्रशिक्षण घेतले’ या दोन शब्दांत संपतात. ग्रामपंचायतीत बसून तुम्ही किती नोंदी संगणकावर चढवल्या? किती लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून दिले? म्हाताऱ्या माणसाला केवायसी समजावून सांगितली की नाही? त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ही सीव्हीतली एक ओळ आहे. असा अनुभव आमच्या पिढीला कोणी देऊ केला नव्हता. तो वाया जाऊ नये.

जुनं सगळं परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. हेलपाटे गेले, चांगलंच झालं. पण अर्ज पाठवण्याआधी चार माणसांनी तो वाचण्याची रीतही त्यांच्याबरोबर गेली, आणि तिची आज जास्त गरज आहे. तेव्हा सांगायचं थोडं होतं आणि मदत करणारे पुष्कळ होते. आज सांगण्यासारखं खूप आहे आणि मुलगा फोन घेऊन एकटाच बसलेला आहे. स्वतःच्या कामाची किंमत माणसाला बहुतेक वेळा दुसऱ्याच्या प्रश्नामुळेच कळते. चाकूरच्या त्या मुलीला आपण हिशेबनीस आहोत हे कोणी विचारेपर्यंत माहीत नव्हतं.

नांदेडच्या भाग्यनगर-श्रीनगरपासून लातूरच्या औसा रोडपर्यंत अभ्यासिका तरुणांनी भरलेल्या आहेत. त्यातले सगळेच स्पर्धा परीक्षेतून लागणार नाहीत. अनेकांना खाजगी नोकरीची वाट धरावी लागेल आणि ती वाटही मानाची आहे. दुसरीकडे याच दोन शहरांत बँका, शाळा, वीज मंडळ, जिल्हा परिषद इथून निवृत्त झालेली माणसं आहेत, ज्यांनी आयुष्यभर अर्ज वाचले, मुलाखती घेतल्या, माणसं पारखली. या दोघांची आठवड्यातून एका संध्याकाळी गाठ पडली तरी पुष्कळ होईल. अभ्यासिकेच्या चालकाने एक टेबल द्यावं, निवृत्त माणसाने दोन तास द्यावेत, आणि समोर आलेल्या लेकराचे टक्के बाजूला ठेवून आधी विचारावं: तू आजवर काय काय केलंस? ते जे सांगेल, ते त्याच्याकडून त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. नोकरी देणं कोणाच्या हातात असेल-नसेल, पण एवढं करणं आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे, आणि ते याच आठवड्यापासून सुरू करता येईल.